मांजरासाठी घरच्या घरी लिटर: काय वापरायचं, काय नाही आणि कसं करायचं

पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा म्हणाले, "लिटर द्या." दुकानदार म्हणाला, "किती लिटर? कशाचं?" मराठीत या शब्दाची एवढीच ओळख होती, दुधाचं आणि पेट्रोलचं माप. मांजराच्या शी-शूसाठी घमेल्यात घालायची माती किंवा तत्सम पदार्थ म्हणजेही लिटर, हे मला ठमी घरी आल्यावर कळलं. ती स्कूटरच्या सीटखाली सापडलेलं दीड महिन्याचं पिल्लू होती. वर्षभराने पिंट्या आला. दोन मांजरं आणि ठाण्यातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, त्यामुळे विकतची पिशवी बघता बघता संपायची आणि जिने चढून ती आणायची कोणी यावर घरात वाद व्हायचे. म्हणून घरीच करायला लागले.

पहिला प्रयोग फसला. सुतारकामातून उरलेला भुसा आणला आणि वास येऊ नये म्हणून त्यात निलगिरी तेलाचे थेंब आणि कापराची पूड घातली. मला छान वाटलं. ठमीने घमेल्याला एक फेरी मारली, नाक वर केलं आणि धुऊन घडी घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसली. डॉक्टरांनी ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तिने पंजे चाटले का?" निलगिरी आणि कापूर दोन्ही मांजराला विषारी असतात, हे मला तेव्हा कळलं. ठमीने पाय आत टाकला नव्हता हे आमचं नशीब.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: वास झाकायचा नाही, काढायचा. घरच्या लिटरमध्ये लोक ज्या ज्या चुका करतात, त्यातल्या बहुतेक माणसाच्या नाकाची सोय बघण्यातून होतात. मांजर त्या घमेल्यात उभं राहतं, उकरतं आणि नंतर तेच पंजे जिभेने साफ करतं. म्हणजे लिटरमध्ये जे घालाल ते थोडंफार तिच्या पोटात जाणारच, हे धरून चाला.

१. आधी बघा, तुमच्या घराला हे जमणार आहे का

घरचं लिटर विकतच्या बेंटोनाइटसारखं गोळा होत नाही. बेंटोनाइट ही पाणी लागलं की फुगणारी माती. आपल्याकडे ती कच्छ भागातल्या खाणींतून भरपूर निघते. लघवी पडली की तिचा घट्ट गोळा होतो आणि तो उचलून टाकता येतो. रद्दीचा किंवा भुशाचा असा गोळा होत नाही, त्यामुळे ते जास्त वेळा बदलावं लागतं. घरातले सगळे बारा-बारा तास बाहेर असतील आणि मांजरं तीन असतील, तर सरळ विकतचं घ्या. किंवा एका घमेल्यात विकतचं आणि दुसऱ्यात घरचं, असं करा. आमच्याकडे परीक्षेच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत हेच चालतं.

काही घरांत मात्र घरचं, विशेषतः कागदाचं लिटर जास्त बरं पडतं:

- तीन-चार महिन्यांपेक्षा लहान पिल्लू असेल तर. पिल्लं सगळं तोंडात घालून बघतात, आणि फुगणारी माती पोटात गेली तर आतडं अडकण्याची भीती असते.
- नसबंदी किंवा दुसरं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर. टाक्यांना माती-धूळ चिकटू नये म्हणून डॉक्टरही काही दिवस कागदच वापरायला सांगतात.
- मांजराला दमा असेल, किंवा घरात कोणाला धुळीचा त्रास असेल तर. अशा घरात भुशाच्या वाटेला जाऊ नका.

आणि मांजर आजारी असताना लिटर बदलायचा घाट घालू नका. ते आधीच वैतागलेलं असतं.

२. सामान गोळा करा

यातलं बहुतेक घरात किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

- घमेलं किंवा पसरट टब. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट लांब हवा. बांधकामाचं प्लास्टिकचं घमेलं पिल्लाला पुरतं. मोठ्या बोक्याला कपडे ठेवायचा पलंगाखालचा चौकोनी डबा चांगला. लोखंडी घमेलं नको, ते लघवीने गंजतं.
- घमेली किती? मांजरं जितकी, त्याहून एक जास्त. फ्लॅटमध्ये जागा कुठे आहे, असं मीही म्हणायचे. तिसरं घमेलं ठेवलं आणि पायपुसण्यावर होणारे प्रकार थांबले.
- झारा. पुऱ्या तळायचा जुना, मोठ्या भोकांचा. याच्याइतकं चांगलं अवजार विकतसुद्धा मिळत नाही. फक्त दांड्याला लाल सुतळी बांधा. आमच्याकडे पाहुण्यांसमोर हा झारा स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकलेला सापडला आहे, त्यापुढचं सांगत नाही.
- दोन चाळण्या, एक गव्हाची आणि एक पिठाची. त्या पुन्हा धान्याला वापरायच्या नाहीत.
- मोठी बादली, जुना पंचा, जुनी साडी किंवा प्लास्टिकचा कागद, झाकणाचे डबे.
- हातमोजे आणि मास्क.
- खायचा सोडा. सुगंधाचा नको, साधा.

घमेलं कुठे ठेवायचं? जेवणाच्या वाटीपासून लांब, येण्या-जाण्याच्या वाटेत नाही आणि वॉशिंग मशीनच्या शेजारी अजिबात नाही. मांजर उकिडवं बसलेलं असताना मशीन एकदा घुर्रर्र करून फिरलं की ते त्या कोपऱ्याचं नाव काढत नाही.

३. कशाचं करायचं ते ठरवा

मांजराला साधारणपणे बारीक कणाचं, मऊ, उकरता येईल असं आणि बिनवासाचं काहीतरी हवं असतं. त्या हिशेबाने आपल्याकडे सहज मिळणाऱ्या गोष्टी अशा:

*रद्दी.* सगळ्यात सुरक्षित आणि माझी आवडती. लगदा करून वाळवावा लागतो, म्हणजे मेहनत आहे, पण धूळ जवळजवळ नाही. शिवाय फिक्या रंगामुळे लघवीत रक्त असेल तर लगेच दिसतं. पिंट्याचं दुखणं आम्हाला त्यामुळेच वेळेत समजलं.

*लाकडाचा भुसा.* वास चांगला धरतो आणि भरपूर मिळतो, पण कोणत्या लाकडाचा आहे हे माहीत हवं. पाइनचा, म्हणजे पॅकिंगच्या खोक्यांच्या लाकडाचा, चालतो, मात्र तो कोरडा आणि जुना हवा. ओल्या ताज्या पाइनला राळेचा उग्र वास असतो. सागाचा नको. सागाच्या बारीक धुळीने माणसाच्याही त्वचेला आणि नाकाला त्रास होतो, सुतारांना विचारा. आणि प्लायवूड, एमडीएफ किंवा सनमायका कापलेला भुसा तर कधीच नको. त्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. आजकाल फर्निचरवाल्याच्या दुकानातला बहुतेक भुसा याच जातीचा असतो, त्यामुळे "फुकट घेऊन जा ताई" याला भुलू नका. लाकडाच्या वखारीत जा, समोर काय कापलं जातंय ते बघा आणि वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड आहे का ते विचारा. औषध मारलेलं असेल तर तसेच परत या.

*कोकोपीट.* नर्सरीत विटांच्या आकारात मिळतं. पाणी आपल्या वजनाच्या कितीतरी पट शोषतं. पण पूर्ण कोरडं असलं की भुरभुर उडतं, ओलं राहिलं की बुरशी धरतं आणि पांढऱ्या मांजराचे पाय तपकिरी होतात. भुशात एक चतुर्थांश मिसळायला चांगलं, एकटं नको. खत मिसळलेलं "पॉटिंग मिक्स" घेऊ नका, शुद्ध कोकोपीटच मागा.

*वाळू.* रस्त्यावरून आलेल्या मांजराला ही ओळखीची वाटते, पण ती काही शोषत नाही. लघवी सरळ तळाशी जाते आणि तिथे साचते. शिवाय वजन! बांधकामाच्या ढिगातली वाळू आणू नका, परिसरातली सगळी कुत्री-मांजरं तिथेच जाऊन आलेली असतात. मी वाळू फक्त एका कामाला वापरते, ते सातव्या पायरीत सांगते.

आता मुलतानी मातीबद्दल, कारण हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. गंमत अशी की जगातलं पहिलं विकतचं लिटर याच जातीच्या मातीचं होतं. १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो नावाच्या माणसाकडे शेजारची बाई मांजरासाठी वाळू मागायला आली. तिच्याकडची वाळू थंडीने गोठली होती. त्याने तिला कारखान्यात सांडलेलं तेल टिपायला वापरायची दाणेदार माती दिली, आणि त्यातून पुढे सगळा धंदा उभा राहिला. त्याआधी लोक वाळू, राख आणि साधी मातीच वापरत. पण त्याची माती वाळवलेली, दाणेदार होती. आपण तोंडाला लावतो ती मुलतानी माती म्हणजे पीठ. कोरडी असताना ती मांजराच्या नाकात जाते आणि ओली झाली की पंजाला लेप बसतो. तो लेप मांजर चाटणार. तेव्हा नको.

४. हे घालू नका

ही यादी लांब आहे आणि मी ती मुद्दाम लांब ठेवली आहे.

*चुलीची राख.* माझ्या सासूबाई गुहागरकडच्या. त्यांच्या माहेरी मांजरं परसातल्या राखेच्या ढिगातच जायची, म्हणून त्यांचा पहिला सल्ला हाच होता. उघड्यावर, मांजर दोन मिनिटांत निघून जातं तिथे ठीक. घमेल्यात राख ओली झाली की तिचं क्षारयुक्त पाणी होतं. पूर्वी त्याच पाण्याने भांडी आणि कपडे निघायचे, म्हणजे ते पंजांना किती झोंबत असेल बघा.

*चुना, डांबरगोळ्या, कापूर, धुपाची पूड, अगरबत्तीची राख.* एकही नाही. डांबरगोळ्यांतलं नॅफ्थलीन मांजराच्या रक्ताला आणि यकृताला इजा करतं.

*निलगिरी, टी ट्री, सिट्रोनेला, लिंबू-संत्र्याच्या सालीचं तेल.* "नैसर्गिक" लिहिलेलं असलं तरी. मांजराच्या यकृतात असे पदार्थ निकामी करण्याची यंत्रणा माणसापेक्षा आणि कुत्र्यापेक्षाही कमजोर असते. कुत्र्याला चालतं म्हणून मांजराला चालेल, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

*फिनाईल.* काळं, पांढरं, कुठलंही. जखमेवर लावायचं ते अँटिसेप्टिकही नको. सोपी खूण लक्षात ठेवा: पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं कुठलंही जंतुनाशक मांजराच्या घमेल्याजवळ नको.

*ब्लीचिंग पावडर आणि लिक्विड ब्लीच.* लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संबंध आला की घशाला-फुप्फुसाला झोंबणारा वायू तयार होतो. तुम्हालाही त्रास होईल.

*गव्हाचं पीठ, कोंडा, मक्याचा भरडा, शेंगांची टरफलं.* परदेशातले गहू-मक्याचे प्रकार बघून हे सुचतं. आपल्या हवेत आठवड्यात किडे, मुंग्या आणि उंदीर. टरफलांना आणि मक्याला धरणाऱ्या एका बुरशीतून यकृताला घातक विष तयार होतं, ते वेगळंच. भाताचं तूस टोचतं आणि शोषत तर काहीच नाही.

*कुंडीतली माती, गांडूळखत, निंबोळी पेंड.* यात खत, कीटकनाशक आणि जंत यांपैकी काहीही असू शकतं.

५. रद्दीचं लिटर करा

हे उन्हाळ्यात, सुटीच्या दिवशी सुरू करा. आधी एक किलो रद्दीचंच करून बघा.

साधा वर्तमानपत्राचा कागद घ्या. गुळगुळीत, चकचकीत पुरवण्या बाजूला काढा, त्या भिजत नाहीत. दुकानाची आणि एटीएमची बिलं टाकू नका, त्या कागदाला रसायनाचा थर असतो. ऑफिसच्या कागदांचे स्टेपल काढा. वर्तमानपत्र वरून खाली उभं फाडलं की सरळ पट्ट्या निघतात, आडवं फाडलं की वाकडंतिकडं जातं. मुलांना बसवा, त्यांना हे काम फार आवडतं.

पट्ट्या मोठ्या बादलीत घाला, बुडतील एवढं कोमट पाणी ओता आणि भांडी घासायच्या साध्या, फिक्या वासाच्या साबणाचे अगदी थोडे थेंब टाका. रात्रभर राहू द्या. सकाळी हाताने कुस्करलं की लगदा होतो. पाणी राखाडी झालेलं असेल, ती शाई.

पंच्यातून गाळा. पुन्हा साधं पाणी घाला, हलवा, गाळा. फेस पूर्ण जाईपर्यंत हे करायचं, मला साधारण तीनदा करावं लागतं. साबण राहिला तर तो पंजावाटे पोटात जाणार, त्यामुळे या पायरीला कंटाळा करू नका.

आता लगद्यावर दोन सपाट छोटे चमचे खायचा सोडा भुरभुरवा आणि कणकेसारखं मळून घ्या. सोडा वास थोडा कमी करतो. पण जास्त घातला म्हणून जास्त फायदा होत नाही, उलट सोडा मोठ्या प्रमाणात पोटात गेला तर मांजराला बाधतो. मांजर लिटर तोंडात घालणाऱ्यांतलं असेल, तर सोडा वगळाच.

मग पिळा. नारळाचं दूध काढताना चव पिळतो, तसं सगळं बळ लावून. जितकं पाणी इथे निघेल तितकं उन्हात कमी थांबावं लागेल. पिळलेला गोळा बोटांनी मोकळा करत जुन्या साडीवर पसरा. कण साबुदाण्यापासून हरभऱ्यापर्यंत असावेत. त्याहून मोठे राहिले तर मांजराच्या पायाला टोचतात आणि ते उकरत नाही.

एप्रिलच्या उन्हात दोन-तीन दिवस लागतात. रोज दोनदा हात फिरवून वरखाली करायचं. गच्चीवर आमचं हे वाळत होतं तेव्हा शेजारच्या काकूंनी सांडगे समजून चिमूटभर उचलून तोंडात टाकलं होतं. तेव्हापासून मी बाजूला "मांजराचं" अशी चिठ्ठी दगडाखाली ठेवते.

वाळलं की नाही हे हाताला कळत नाही, वरून कोरडं लागतं आणि आत ओल असते. मूठभर कण काचेच्या बरणीत घालून झाकण लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काचेला आतून वाफ धरली असेल तर अजून एक दिवस ऊन द्या. ओलसर डब्यात भरलंत तर पंधरा दिवसांत काळे ठिपके येतील. ठिपके आलेलं लिटर पुन्हा उन्हात घालून वापरायचं नाही, सगळं टाकायचं. माझा एक अख्खा डबा असा गेला आहे.

६. भुशाचं लिटर करा

हे काम सोपं आहे, फक्त चाळणीवर सगळं अवलंबून आहे. मास्क लावा, मांजरांना दुसऱ्या खोलीत ठेवा आणि हे गॅलरीत किंवा गच्चीवर करा.

आधी गव्हाच्या चाळणीतून चाळा. वर राहतील त्या ढलप्या आणि कुसळं, ती फेका. खाली पडलेलं पिठाच्या चाळणीत घ्या. आता उलट, जे खाली पडतं ती धूळ, ती टाकायची, आणि जे वर राहतं ते आपलं. दोन दिवस कडक ऊन द्या. मग परीक्षा घ्या: खिडकीतून उन्हाची तिरीप येत असेल तिथे मूठभर भुसा हातभर उंचीवरून सोडा. तिरीपीत धुराचा लोट दिसला तर पुन्हा चाळा. मांजराचं नाक त्या लोटाच्या अगदी जवळ असणार आहे.

मी दोन भाग भुसा आणि एक भाग रद्दीचे कण मिसळते. नुसता भुसा हलका असल्याने पिंट्या उकरून तो दिवाणखान्यापर्यंत पोहोचवायचा. मिश्रण त्यामानाने जागेवर राहतं. बाहेर येतं ते टिपायला घमेल्यासमोर काथ्याचं पायपुसणं टाका.

७. मांजराला सवय लावा, घाई न करता

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. रविवारी लिटर तयार झालं की उत्साहात सगळी घमेली एकदम बदलतात आणि सोमवारी सोफा ओला.

एकच घमेलं बदलायला घ्या, बाकीची जुन्या लिटरचीच ठेवा. पहिले तीन-चार दिवस जुन्यात चौथा हिस्सा नवं. मग निम्मं-निम्मं. मग तीन हिस्से नवं. एकूण दहा ते चौदा दिवस. मध्येच मांजर कडेवर पाय ठेवून अवघडून बसू लागलं, किंवा न उकरताच उडी मारून पळू लागलं, तर त्याला ते पटलेलं नाही. एक पायरी मागे या.

थर दोन ते तीन इंच पुरतो, पिल्लाला दीड इंच. तळाशी वर्तमानपत्राचा अख्खा कागद अंथरला की साफ करणं सोपं जातं.

रस्त्यावरून आलेलं मांजर असेल आणि त्याला घमेलं म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, तर आता ती वाळू. स्वच्छ वाळू तीन-चार पाण्यांनी धुऊन, उकळतं पाणी ओतून, कडक उन्हात वाळवून घ्या आणि लिटरवर दोन मुठी पसरा. ओळखीचा स्पर्श लागला की ते उकरतं. आठवड्याभरात वाळू कमी करत बंद करा. एरवी पिल्लं आईकडून शिकतात, पण ठमीला आईच नव्हती, हिला दोन मुठी वाळूने शिकवलं.

बाहेर घाण केली म्हणून नाक घासणं, ओरडणं, मारणं यातून मांजर फक्त एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही. मग ते पलंगाखाली जाऊन करतं.

८. रोजची सफाई

सकाळ-संध्याकाळ झाऱ्याने शी काढा. गडद, ओले झालेले भाग आजूबाजूच्या दोन बोटांसकट उचला आणि तेवढंच नवं घाला. कागदाचं लिटर तीन-चार दिवसांनी पूर्ण बदला, भुशाचं मिश्रण पाच-सहा दिवसांनी. डोळ्यांत झोंबणारा वास म्हणजे अमोनिया. तो तुम्हाला उभ्याने आला तर मांजराला त्याच्या आधी दोन दिवस येत होता असं समजा.

घमेलं धुवायला गरम पाणी आणि साधा साबण पुरेसा. धुऊन झालं की उन्हात पालथं घाला. ओरखडे पडून जुनं झालेलं प्लास्टिक वास धरून ठेवतं, वर्षाने बदलून टाका.

आता घरात कोणी गरोदर असेल तर. हा विषय आपल्याकडे "मांजर सोडून या" असाच संपतो, म्हणून जरा सविस्तर. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या शीतून बाहेर पडू शकतो आणि गर्भाला त्यापासून धोका असतो, हे खरं. पण मांजराला पहिल्यांदा लागण झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडेच तो शीतून बाहेर पडतो, आणि बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे शी रोजच्या रोज उचलली तर धोका बराच कमी होतो. मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही आणि उंदरांच्या मागे बाहेर सोडायचं नाही. अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही हीच लागण होते, आणि त्यासाठी मांजर पाळायला लागत नाही. गरोदर बाईने घमेल्याला हात लावू नये, ते काम नवऱ्याने करावं. ते शक्यच नसेल तर हातमोजे घालून करावं आणि नंतर साबणाने हात नीट धुवावेत. डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगा. ब्लीच आणि फिनाईलने हा परजीवी भरवशाने मरत नाही, उकळत्या पाण्याने मरतो, हे आणखी एक कारण फिनाईल दूर ठेवायचं.

९. टाकायचं कुठे

संडासात नाही. भुसा फुगून पाइप तुंबतो, आणि वर सांगितलेला परजीवी सांडपाणी प्रक्रियेतूनही वाचू शकतो. जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, बाहेरून खूण करा आणि रोजच्या कचऱ्यात द्या. कोणत्या डब्यात, हे तुमच्या वॉर्डातल्या कचरा उचलणाऱ्यांना एकदा विचारून घ्या, शहराशहरांत फरक आहे. उघडं टाकू नका, ते कोणीतरी हाताने वेगळं करतं. सोसायटीच्या खतखड्ड्यात नको. आणि कागद-भुसा आहे म्हणून कढीपत्त्याच्या, तुळशीच्या, मिरचीच्या कुंडीत तर मुळीच नको.

१०. हे दिसलं तर लिटरचा विचार सोडून डॉक्टरकडे जा

बोका वारंवार घमेल्यात जाऊन बसतो, कण्हतो, काही होत नाही किंवा दोन थेंबच पडतात. बघणाऱ्याला वाटतं बद्धकोष्ठ आहे किंवा नवं लिटर आवडलेलं नाही. ही मूत्रमार्ग अडकल्याची खूण असते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्र असली तरी थांबू नका. पिंट्याच्या वेळी पांढऱ्या कागदावर गुलाबी डाग दिसला आणि आम्ही त्याच रात्री निघालो.

लिटर खाणं, सतत शिंकणं, पंजे लाल होणं, तोंडातून लाळ गळणं, झोकांड्या जाणं यांपैकी काही दिसलं, तर लिटर ताबडतोब काढा आणि त्याचा नमुना पिशवीत घालून सोबत न्या. नसबंदी न झालेला बोका भिंतीवर उभ्याने फवारे मारत असेल तर त्यात लिटरचा दोष नाही, त्याची नसबंदी करून घ्या.

११. पावसाळ्याची बेगमी

जूनपासून ठाण्यात काही वाळत नाही. माणसांचे मोजे वाळत नाहीत, तिथे लगदा कुठून वाळणार? पंख्याखाली वाळवायचा प्रयोग करून बघितला, चौथ्या दिवशी घरभर ओल्या गोणपाटाचा वास. म्हणून चार महिन्यांचं लिटर मे संपायच्या आत करून, बरणीची परीक्षा घेऊन, झाकणाच्या डब्यांत भरून ठेवा. डब्यांखाली दोन विटा किंवा फळी घाला, जमिनीची ओल वर चढते. आमच्या दोन मांजरांना आठ मोठे डबे लागतात. साठा कमी पडला तर सप्टेंबरात लाज न बाळगता विकतचं आणा, आम्हीही आणतो.

ज्यांनी राखेचा सल्ला दिला होता, त्या सासूबाई आता एप्रिलमध्ये गावाहून आल्या की विचारतात, "कुरडया आधी घालायच्या, की हिचं?" हिचं आधी घालतो. कुरडयांना ऊन मेमध्येही मिळतं.